होडीचा वळसा

दादा, गेल्या उन्हाळ्यात धरणाच्या दरवाज्यांचं काम निघालं, पाणी पार तळाला गेलं, आणि तुम्ही ज्या रस्त्याने होडी न्यायचात तो रस्ता मी पायाने चालून आले. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी भांडायचं म्हटलं तरी कुठे तोंड करून भांडावं ते कळत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. अंगणवाडीला दिवाळीची सुट्टी आहे, तुमचे जावई तळेगावला कंपनीत गेलेत, नातू बोटीवर आहे, घरात मी एकटीच. तुम्ही ओळीखाली बोट फिरवत एकेक अक्षर लावून वाचायचात, म्हणून मघापासून मी अक्षर जरा मोठं काढते आहे. आपण हे कुणासाठी करतोय हे लक्षात येऊन माझं मलाच हसू आलं, पण अक्षर काही लहान करवत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या काठावर करवंदाच्या जाळ्या आणि गुरं होती. आता तिथे तंबू आहेत. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या लोणावळ्याकडून उतरून येतात आणि माणसं रात्रभर शेकोटी करून गाणी म्हणतात. ज्या पाण्याला आपण नुसतं ‘धरण’ म्हणत होतो त्याला ते ‘लेक’ म्हणतात. तुमच्या नातवाने डिप्लोमा केला, कंपनीत लागला, तिथे काही त्याचं मन रमेना, आणि मग कर्ज काढून फायबरची, इंजिनवाली बोट घेतली. मी चिडले होते. शिकून सवरून पुन्हा पाण्यावरच यायचं होतं तर एवढी फी कशाला भरली, असं त्याच्या तोंडावर म्हणाले. तो म्हणाला, “आई, आज्या लोकांना पलीकडं न्यायचा. मी लोकांना फिरवून परत आणतो. इतकाच फरक.” पठ्ठ्या बोलायला तुमच्यावर गेलाय, कमी शब्दात गप्प करतो. तो गेस्टना आधी वरच्या अंगाच्या घळीत नेतो, तिथले धबधबे, कातळ दाखवतो, आणि येताना पाण्याखालच्या गावाकडून आणतो. त्याच्या बोटीवर गर्दी होते ती त्या गावामुळे. दुसरेही बोटवाले आहेत, पण ते सरळ भुर्रकन जातात. तुमचा नातू तुमच्यासारखा वळसा घालून जातो. इंजिन हळू करतो आणि सांगतो, “माझ्या आजोबांनी गावाच्या डोक्यावरून कधी होडी नेली नाही. गाव बुडालं तरी ते गावातल्या रस्त्यानेच जायचे.” लोक एकदम शांत होतात, दादा. मोबाईल काढलेले खाली ठेवतात. आणि मग पुढे बसून गावाची गोष्ट मी सांगते, कारण अंगणवाडीत पोरांना गोष्टी सांगून माझी जीभ तयार झालेली आहे आणि पोराला आईइतकं फुकटात काम करणारं माणूस मिळणार कुठे.

मी ते गाव पाहिलेलं नाही. माझा जन्म पाण्यानंतरचा. गाव उठलं तेव्हा शेतकऱ्यांची घरं पलीकडच्या डोंगराच्या पायथ्याला गेली आणि आपली वस्ती अलीकडे, रस्त्याच्या बाजूला आली, एवढं ऐकलेलं. मधे पाणी, आणि पाण्यावर तुम्ही. तुमची ती डांबर फासलेली लाकडी होडी मला अजून वासासकट आठवते. सकाळी रिकामी घेऊन जायचात आणि पलीकडून माणसं आणायचात. दुधाच्या किटल्या, कामशेतच्या बाजाराला निघालेल्या बायका, तापाने फणफणलेली पोरं, एकदा तर नवरा-नवरी आणि अख्खं बँडपथक. काठापासून काठापर्यंत सरळ रेघ मारली तर ती बरोबर गावाच्या डोक्यावरून जाते. तुम्ही सरळ कधी नेली नाहीत. टेकडीवरचं एकटं आंब्याचं झाड आणि त्याच्या मागची डोंगराची खाच एका रेषेत आली की तुम्ही वल्हं दाबायचात आणि होडी वळायची. मग बराच वेळ ती कुठल्याशा न दिसणाऱ्या भिंतीला धरून गेल्यासारखी जायची, आणि तुम्ही वल्ह्याने खालची चावडी, पाटलाचं घर दाखवायचात. मंदिराच्या रेषेत आलं की बायका हात जोडायच्या, तुम्ही वल्हं उचलून धरायचात आणि त्यांचं होईपर्यंत भलतीकडे बघत बसायचात. मी समजत होते, आपल्याकडे देव नाहीत म्हणून तुम्ही बघत नाही. “वाट हाय ही,” वळशाबद्दल एवढंच तुम्ही मला सांगितलं होतंत. “वाटनं जायचं.” पलीकडच्या बायका म्हणायच्या, दादासारखा मर्यादेचा माणूस नाही, पाण्यावरसुद्धा गावाची मर्यादा पाळतो. हे ऐकून माझी मान अशी ताठ व्हायची की विचारू नका. शाळेत पोरी आपापल्या वडिलांच्या बैलजोडीचं, मोटारसायकलचं सांगायच्या. मी सांगायचे, माझ्या दादांना पाण्याखालच्या गल्ल्या पाठ आहेत.

आणि घळीतले तुम्ही वेगळेच. पावसाळा सरता सरता, शेतीची कामं उरकून लोकांचं येणं-जाणं कमी झालं की एखाद्या दिवशी तुम्ही मला म्हणायचात, “चल, वर जाऊन येऊ.” वर म्हणजे जिथे दोन्ही डोंगर जवळ येतात आणि पाणी त्यांच्यामधून आत शिरतं तिथे. बाहेर ऊन आणि आत गारवा. दोन्ही बाजूंना काळा कातळ, त्याच्यावर शेवाळ, आणि वरून बारीक धारा पडत असलेल्या. तिथे तुम्ही होडी अगदी मधून न्यायचात, बेधडक. कातळाला हात लागेल इतकी जवळ घ्यायचात आणि म्हणायचात, “लाव हात. घाबरू नगंस, डोंगार काय खात न्हाई.” मग मोठ्याने हाळी द्यायचात आणि ती परत आली की पोरासारखे हसायचात. तुमचे मागचे दोन दात पडलेले होते, ते हसताना दिसायचे. घराकडे तुम्ही इतकं तोंड उघडून कधी हसला नाहीत. एका वर्षी तुम्ही मला तिथेच एक लहान वल्हं दिलंत. आदल्या उन्हाळ्यात शिवणीच्या लाकडातून काढून, घासून, तेल पाजून ठेवलं होतंत, आईलाही पत्ता नव्हता. माझ्या हाताच्या मापाचं होतं. मला आयुष्यात पुष्कळ वस्तू मिळाल्या, सोन्याचं मंगळसूत्रही मिळालं, पण तसा आनंद झाल्याचं आठवत नाही.

त्याच दिवशी तुम्ही मला मारलंत. आयुष्यातली तेवढी एकच चापट. घळीतून परत येताना मी नव्या वल्ह्याने होडी वल्हवत होते आणि तुम्ही विडी ओढत बसला होता. मला भूक लागली होती, काठावर आई दिसत होती, मी होडीचं तोंड सरळ तिच्याकडे केलं. गावाच्या वरून. तुम्ही एकदम पुढे झालात, माझ्या गालावर ठेवून दिलीत, माझ्या हातातलं वल्हं ओढून घेतलंत आणि होडी इतक्या जोरात वळवलीत की पाणी आत आलं. मी रडत राहिले आणि तुम्ही वल्हवत राहिलात. तुमचे हात थरथरत होते, ते मी पाहिलं. मला वाटलं, रागाने थरथरताहेत. मला वाटलं, मी कुणाच्या तरी घरावर पाय दिला, देवळावर पाय दिला, आणि माझ्या बापाला ते सहन झालं नाही. हा प्रसंग मी गेस्टना सांगते, दादा. म्हणजे सांगत होते. ऐकून बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

आता गेल्या उन्हाळ्याचं. पाणी खाली गेलं तसं आधी देवळाचा चौथरा वर आला, मग जोती, मग दगडी पार. बातमी पसरली आणि जत्रा भरली. भेळेच्या गाड्या, आइस्क्रीमवाले, ड्रोन उडवणारी पोरं. बोट बंद म्हणून पोरगा तेवढे दिवस तळेगावला कामाला गेला होता. चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या आणि त्यावरून लोक चपला घालून फोटो काढत फिरत होते. मी तुमच्या बहिणीला, आत्याला, कामशेतवरून बोलावून घेतलं. म्हटलं, आत्या, चल, मला दादांच्या गल्ल्या दाखव. तिचे गुडघे गेलेत, तरी हौसेने आली. मी पुढे, ती माझ्या खांद्याला धरून मागे. मी आधी टेकडीवरचं आंब्याचं झाड शोधलं. झाड आहे, अर्धं वाळलंय, पण आहे. त्याच्या मागची खाच त्याच्या रेषेत येईपर्यंत मी चालत गेले आणि म्हटलं, “आत्या, हितून वळायचे दादा. आता गल्ली कुठे?” माझ्यासमोर गल्ली नव्हतीच. ओढ्याच्या काठाचा खडकाळ उतार होता, त्याच्या कडेने पाऊलवाट, आणि वाटेच्या डाव्या बाजूला गावाची पाठ. म्हणजे घरांच्या मागच्या भिंती, गोठ्यांचे दगड, आणि गोल गोल खड्डे. ते कसले खड्डे म्हणून मी विचारलं तर आत्या म्हणाली, “उकिरडे.”

मी म्हटलं, आपण चुकलो बहुतेक, गावातली मधली आळी पुढे असेल. तेव्हा आत्या हसली. चेष्टेने नाही, लहान पोराला हसतात तशी. “अगं येडे, चुकलो न्हाई. हीच आपली वाट. मागची वाट. मधल्या आळीत आपून कुटं जायचो? जाऊन देत न्हवते. पानी हितनं, लाकडं हितनं, दादा शाळंला जायचा तो बी हितनंच, उकिरड्याच्या कडंकडंनं. मढं न्यायचं असलं तरी हितनंच न्यायचं.” मी म्हटलं, पण तोवर आजोबांनी दीक्षा घेतली होती ना? ती म्हणाली, “घेतलती की. आपून बदाललो. गाव कुटं बदाललं हुतं?” तिने हे इतकं सहज सांगितलं, जणू भाजीत मीठ किती घालायचं ते सांगते आहे. मी तिला विचारलं, मग पाणी आल्यावर दादांना कोण अडवणार होतं, पाण्याला काय आळी असते का, तरी ते इकडूनच का न्यायचे? “म्या कदी इचारलं न्हाई बाई,” ती म्हणाली. “त्याला बी कुनी इचारलं नसंल.”

मी तिथेच एका दगडावर बसले. आणि मला काय आठवावं? तुम्ही दाखवलेलं सगळं एकाच हाताला होतं. जाताना डाव्या हाताला मंदिर, डाव्या हाताला चावडी, डाव्या हाताला पाटलाचं घर, आणि येताना सगळं उजव्या हाताला. गल्ली असती तर दोन्ही बाजूंना घरं आली असती की नाही? एवढी साधी गोष्ट मला इतक्या वर्षांत कळली नाही. उलट मी शहाणी, गेस्टना सांगताना दुसऱ्या बाजूलाही घरं घालत गेले. सोनाराचं घर घातलं, एक तालीम घातली, पारावर बसलेली म्हातारी माणसं घातली. तिथे ओढा होता, दादा. ओढा आणि खडक. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की कुणाला तरी धरून बदडावं असं वाटलं, पण बदडायला कुणी नव्हतं. भेळवाल्यापुढे पोरं रांगेत उभी होती.

परत फिरताना मधल्या आळीत आबा दिसले. पलीकडचे आबा, तुमच्या होडीतून रोज दूध न्यायचे ते. आता पार थकलेत. नातवाने त्यांच्या जुन्या घराच्या जोत्यावर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून दिली होती आणि ते त्यावर बसून, घरी पाहुणे यावेत तसे येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत होते. मला बघून त्यांना खरोखर आनंद झाला. “ये की वर. चा घे,” म्हणाले, नातवाला थर्मास आणायला लावला. मी जोत्यावर चढले. आत्या चढली नाही, गुडघ्याचं कारण सांगून खाली उभी राहिली. जोतं गुडघाभरही उंच नव्हतं. आबांनी तुमचं नाव काढलं आणि तेच म्हणाले जे सगळे म्हणतात, मर्यादेचा माणूस. मी चहाचा कप हातात धरून विचारलं, “आबा, दादा होडी कुठनं न्यायचे, तुमाला म्हाईत हुतं?” ते म्हणाले, “व्हय. मागल्या वाटनं.” मी म्हटलं, “मग कदी बोलला का न्हाई?” त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “पयल्या पयल्यांदा वाटलं बोलावं. म्हनावं, बाबा, आता पानीच झालंय समदं, घे की सरळ. पर जीभ उचाललीच न्हाई. मग अंगवळनी पडलं. आन खरं सांगू का पोरी? बरं बी वाटायचं. होडी तितनं वळली की वाटायचं, गाव हाय खाली. हाय तसं हाय.” बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला दिसत होतं, आणि त्यामुळेच मला जास्त राग आला. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. मी चहा पिऊन टाकला आणि उतरले.

त्या दिवसापासून मी तुम्हाला एकच विचारते आहे, भाकरी थापताना, पोरांना खिचडी वाढताना. का? मला रागाचं कारण हवं आहे. तुम्ही रागाने बाहेरून जात असाल, ‘तुमच्या गावाने मला आत घेतलं नाही तर तुमच्या बुडालेल्या गावावर मी थुंकणारसुद्धा नाही,’ असं मनात म्हणत असाल, तर माझी मान पुन्हा ताठ होते. किंवा ती तुमच्या आईची वाट होती, डोक्यावर लाकडं घेऊन ती तिथून चालायची, म्हणून तुम्ही तिच्या पावलांवरून जात असाल, तर मी रडून मोकळी होईन. पण मग ते थरथरणारे हात आठवतात. राग आलेल्या माणसाचे हात मी पुष्कळ पाहिलेत, दादा, ते तसे थरथरत नाहीत. तुम्ही घाबरला होता. चहूकडे पाणी, वर आभाळ, होडीत तुम्ही आणि तुमची पोर, आणि तुम्ही घाबरला होता की तुमची पोर मधल्या आळीत शिरते आहे. घळीत का हसायचात तेही मग कळलं. तिथे गाव नव्हतं.

माझं खरं दुखणं पुढेच आहे. तुम्ही आता सुटलात. पोराचं काय? तो अजून तिथूनच वळत होता. शिकलेला, कुणाच्या बापाला न भिणारा माझा पोरगा, स्वतःच्या बोटीत बसून, चार लोकांसमोर अभिमानाने सांगत, गावाबाहेरून जात होता, आणि त्याला ते माहीत नव्हतं. तोच सांगायचा, ही माझ्या आज्याची वाट. खरंच आहे ते. सांगावं तर त्याचा आज्या त्याच्यापासून जातो. त्याला दुसरं काय दिलंत तुम्ही? तुमचा फोटोही धड नाही, रेशनकार्डावरचा तेवढा. न सांगावं तर उद्या त्याचा मुलगाही तिथूनच वळेल. पाऊस झाला, धरण भरलं, सीझन सुरू झाला, आणि मी पुन्हा पुढे जाऊन बसले. पण आंब्याचं झाड रेषेत आलं की माझी वाचाच बसायची. सोनाराचं घर घशात अडकायचं. पोरगा म्हणायचा, “आई, गेस्टला हेच आवडतं गं, बोल ना.” तंबूवाल्या साहेबांनीही विचारलं, मावशींची तब्येत बरी नाही का. मी म्हटलं, घसा बसलाय.

काल बोलले. गेस्ट गेले होते, ऊन कलत होतं, तो काठावर दोरीवर गेस्टची लाइफ जॅकेटं वाळत घालत होता. मी त्याला सगळं सांगितलं, आत्याचं, उकिरड्यांचं, आबांच्या चहाचं. तुमच्या हातांचं मात्र सांगितलं नाही. तो जॅकेट हातात धरून ऐकत राहिला. मला वाटलं, ओरडेल. तो म्हणाला, “म्हणजे मी रोज...” आणि पुढचं गिळलं. मग म्हणाला, “तुला उन्हाळ्यापासून माहीत होतं?” मी मान डोलावली. “आणि तू मला वळू दिलंस.” त्याने जॅकेट खाली टाकलं, बोटीत उडी मारली आणि इंजिन सुरू केलं. बरोबर कुणी नाही, गेस्ट नाहीत, सांगायला गोष्ट नाही. सरळ गेला, दादा. आंब्याच्या झाडाकडे बघितलंही नाही. गावाच्या मधोमध गेला, जिथे मधली आळी आहे तिथून, चावडीवरून, देवळाच्या चौथऱ्यावरून, आबांच्या जोत्यावरून. टोकाला जाऊन वळला आणि परत तसाच आला. पुन्हा गेला. पाण्यावर पांढरी रेघ उठायची आणि मोडायची. तो उभा राहून चालवत होता.

मी तुमच्या वतीने तो क्षण बघायला उभी होते. वर्षानुवर्षं जे तुम्हाला जमलं नाही ते तुमचं रक्त करतंय, असं काहीतरी मोठं मनात येईल अशी माझी तयारी होती. तसं काहीच आलं नाही. मी पाण्यात घोट्यापर्यंत गेले आणि त्याला हाका मारायला लागले. इंजिनाचा आवाज एवढा होता की त्याला काही ऐकू गेलं नाही, आणि हे फार बरं झालं. बऱ्याच वेळाने तो परत आला, घामाघूम, चेहरा लाल. बोट बांधता बांधता त्याने विचारलं, “आई, काय ओरडत होतीस?” मी म्हटलं, “जेवायला चल म्हणत होते.” आज सकाळी तो बोटीवर गेला तेव्हा कुठून नेणार आहेस असं मी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. मला बरोबर बोलावलं नाही.

हे पत्र मी कुठे ठेवणार आहे ते अजून ठरलेलं नाही. पोराच्या हाती लागू नये एवढंच बघायला हवं, कारण काल मी काय ओरडले ते त्याला कळलं तर त्याच्या नजरेतून तुमच्याबरोबर मीही उतरेन. तुम्हाला सांगते. तुमचे हात का थरथरत होते ते मला आता कुणाला विचारायची गरज उरलेली नाही. मी त्या गावात कधी राहिले नाही, त्या आळीतून मला कुणी कधी हाकललं नाही, उलट बसवून चहा पाजला. आणि तरी भर पाण्यात एकट्या चाललेल्या माझ्या पोराला मी जीव तोडून सांगत होते, “बाहेरनं घे रे राजा, बाहेरनं घे, कुनीतरी बघंल.”